पहारेकऱ्याच्या घरात दडलेला शत्रू

प्रस्तावना

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, ठणका लागतो, कधी पू होतो आणि चार-आठ दिवसांत सारे पूर्ववत होते. तेवढ्या अवधीत आपल्या शरीरात एक लढाई होऊन गेलेली असते. बहुतेक वेळा ती शरीरच जिंकते. परंतु काही रोगजनक जिवाणू असे आहेत की, जे शरीराच्या संरक्षणव्यवस्थेला हुलकावणी देतात आणि वर्षानुवर्षे आपल्यात राहू शकतात. ते हे कसे साधतात आणि या ज्ञानाचा आपल्या जगण्याशी काय संबंध आहे, हे आपण प्रस्तुत पाठात पाहणार आहोत. त्यासाठी आपल्या देशाला दीर्घकाळ ग्रासणाऱ्या क्षयरोगाचे उदाहरण आपण विस्ताराने अभ्यासू.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला –

• शरीराची संरक्षणव्यवस्था कसे कार्य करते, ते सांगता येईल;
• जिवाणू या व्यवस्थेपासून स्वतःचा बचाव कसा करतात, ते उदाहरणांसह स्पष्ट करता येईल;
• क्षयरोगाचे औषध पूर्ण मुदतीपर्यंत घेणे का आवश्यक आहे, याची कारणे देता येतील;
• शास्त्रीय लेखनातील रूपकात्मक भाषा ओळखता येईल.

मूळ पाठ

(अ) शरीराचा पहारा

त्वचा ही आपल्या शरीराची पहिली तटबंदी होय. नाकातील केस, श्वासनलिकेतील चिकट स्राव, डोळ्यांतील अश्रू आणि जठरातील आम्ल हीदेखील याच तटबंदीची अंगे आहेत. ही तटबंदी ओलांडून एखादा जिवाणू आत शिरलाच, तर त्याची गाठ पांढऱ्या पेशींशी पडते.

या पेशींचे महत्त्व एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञांनी ओळखले. १८८२ मध्ये ते इटलीतील मेसिना येथे तारामाशाच्या अळ्यांचा अभ्यास करीत होते. या अळ्या पारदर्शक असतात. मेचनिकॉफ यांनी एका अळीच्या अंगात बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिले, तो काट्यांभोवती फिरत्या पेशींनी गर्दी केली होती. बाहेरून आलेल्या वस्तूला वेढा घालून तिला गिळून टाकणे हे या पेशींचे काम असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अशा पेशींना आपण भक्षक पेशी म्हणतो. त्यांतील आकाराने मोठ्या पेशी म्हणजे महाभक्षी पेशी. महाभक्षी पेशी जिवाणूला गिळते, तेव्हा तो तिच्या आत एका इवल्याशा पिशवीत बंदिस्त होतो. मग पाचक रसांनी भरलेल्या लयकारिका या पिशवीला येऊन मिळतात. पिशवीतील आम्लता वाढते आणि जिवाणूचे विघटन होते.

भक्षक पेशींना साहाय्य करणारे दुसरे साधन म्हणजे प्रतिद्रव्ये. ही रक्तातील विशिष्ट प्रथिने असतात. त्यांची रचना साधारणतः मुलांच्या खेळातील बेचकीसारखी असते. बेचकीची दोन टोके जिवाणूला धरतात आणि तिची मूठ मोकळी राहते. भक्षक पेशी त्या मुठीला धरून जिवाणूला सहज आत ओढून घेते. प्रतिद्रव्यांचा अभ्यास करणारे पॉल एर्लिख आणि मेचनिकॉफ यांना १९०८ चे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

(आ) हुलकावणीच्या तऱ्हा

एवढा कडक पहारा असताना जिवाणू तग कसे धरतात? त्यांच्या काही तऱ्हा आपण पाहू.

पहिली तऱ्हा आवरणाची. न्यूमोनियाला कारणीभूत होणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूभोवती शर्करेच्या लांब साखळ्यांचे निसरडे आवरण असते. त्यामुळे भक्षक पेशीला तो पकडीत घेता येत नाही. १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आवरण असलेल्या जिवाणूंमुळे उंदीर दगावले, तर आवरण नसलेल्या जिवाणूंमुळे ते दगावले नाहीत. गंमत अशी की, माणसाने पुढे याच आवरणाचा उपयोग करून घेतला. आवरणातील शर्करेपासून लस तयार झाली आणि ती टोचलेल्या बालकाचे शरीर त्या आवरणाला ओळखणारी प्रतिद्रव्ये आधीच तयार ठेवू लागले. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने समाविष्ट झाली.

दुसरी तऱ्हा म्हणजे शस्त्र उलटे धरणे. गळू, पू आणि जखमा चिघळणे यांस वारंवार कारणीभूत होणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू आपल्या पृष्ठभागावर एक विशेष प्रथिन बाळगतो. हे प्रथिन प्रतिद्रव्याची बेचकी नेमकी मुठीकडून धरते. मूठच अडकल्यामुळे भक्षक पेशीच्या हाती काही लागत नाही.

तिसरी तऱ्हा वेषांतराची. १८७७ च्या सुमारास, पश्चिम भारतात दुष्काळ असताना, मुंबईत उलटून येणाऱ्या तापाची साथ पसरली. हेन्री व्हँडाइक कार्टर या डॉक्टरांनी रुग्णांच्या रक्तात मळसूत्रासारखे वळणदार जिवाणू पाहिले व या तापाचा सखोल अभ्यास केला. हा ताप काही दिवस राहतो, उतरतो आणि सुमारे आठवड्याने पुन्हा चढतो. याचे कारण आता ज्ञात आहे. शरीर जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन ओळखून प्रतिद्रव्ये तयार करते. त्यामुळे बहुतेक जिवाणू मरतात आणि ताप उतरतो. परंतु थोड्या जिवाणूंनी तोवर आपले प्रथिन पालटलेले असते. जुनी प्रतिद्रव्ये त्यांना ओळखत नाहीत. त्यांची संख्या वाढते आणि ताप परततो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘हुलकावणी’, ‘वेषांतर’ हे आपले शब्द आहेत. जिवाणूला मन नाही, त्यामुळे हेतूही नाही. असंख्य जिवाणूंमध्ये यदृच्छेने लहानसहान बदल घडत असतात. ज्यांतील बदल पहाऱ्यातून निसटण्यास उपयोगी पडतो ते जगतात आणि वाढतात; बाकीचे नष्ट होतात. हजारो पिढ्यांच्या या निवडीलाच आपण सोयीसाठी युक्ती म्हणतो.

पाठगत प्रश्न १

योग्य शब्दाने रिकाम्या जागा भरा.
१. जिवाणूचे विघटन करणारे पाचक रस ………… मध्ये असतात.
२. न्यूमोकोकसचे आवरण ………… च्या साखळ्यांचे असते.
३. उलटून येणाऱ्या तापाचे जिवाणू आपले ………… पालटतात.

(इ) पहारेकऱ्याच्या घरात

आतापर्यंत आपण पहारेकऱ्याला टाळणारे जिवाणू पाहिले. क्षयरोगाचा जिवाणू पहारेकऱ्याला टाळत नाही; तो त्याच्याच घरात मुक्काम करतो.

या जिवाणूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. म्हणूनच २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. परंतु कारण कळले म्हणजे उपाय हाती आला, असे नसते. अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवून १८८६ मध्ये स्वदेशी परतलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे क्षयाने निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. क्षयाचा जिवाणू तेव्हा जगाला माहीत होता. परंतु त्याच्यावर चालणारे स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडायला १९४३ साल उजाडावे लागले.

क्षयरोगी खोकतो, शिंकतो किंवा बोलतो, तेव्हा जिवाणू सूक्ष्म तुषारांबरोबर हवेत येतात व दुसऱ्याच्या श्वासावाटे फुप्फुसाच्या खोल भागात पोहोचतात. तेथे महाभक्षी पेशी त्यांना गिळते. येथवर सारे नेहमीप्रमाणेच घडते. परंतु जिवाणू ज्या पिशवीत बंदिस्त होतो, तिच्याशी लयकारिकांचा संयोग होऊ नये अशी व्यवस्था तो आपल्या रसायनांच्या द्वारे करतो. पिशवीतील आम्लता पुरेशी वाढत नाही. शिवाय या जिवाणूचे कवच मेणासारख्या स्निग्ध पदार्थांचे असल्यामुळे ते सहजासहजी विरघळत नाही. ज्या पेशीने त्याला मारायचे, तीच त्याचे निवासस्थान होते. पेशीच्या आत असल्यामुळे रक्तातील प्रतिद्रव्ये त्याच्यापर्यंत पोहोचू शकत नाहीत.

या निवासात तो अतिशय संथपणे वाढतो. आपल्या आतड्यांत आढळणारा ई-कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जिवाणूला त्यासाठी जवळपास वीस तास लागतात. म्हणूनच क्षयाची सुरुवात एकाएकी होत नाही. आरंभी ताप नसतो, वेदना नसतात आणि म्हणून सावधानताही नसते.

(ई) समेट आणि त्याचा भंग

शरीर मात्र स्वस्थ बसत नाही. काही आठवड्यांत टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात आणि महाभक्षी पेशींना अधिक सबळ करणारे रासायनिक संदेश देतात. संसर्ग झालेल्या जागेभोवती पेशींचे कडे तयार होते व एक बारीक गाठ निर्माण होते. तिच्यात कित्येक जिवाणू मरतात, तर काही सुप्तावस्थेत टिकून राहतात. शत्रू पूर्णपणे मेला नाही, परंतु तो जागच्या जागी कोंडला गेला, असा हा समेट असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना क्षयाच्या जिवाणूचा संसर्ग झालेला आहे. परंतु त्यांपैकी केवळ ५ ते १० टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. संसर्ग आणि रोग यांतील हा भेद नीट समजून घ्यावा. संसर्ग सुप्त असलेली व्यक्ती आजारी नसते आणि ती इतरांना रोग देत नाही.

हा समेट मोडतो तो पहारा दुबळा झाल्यावर. कुपोषण, एचआयव्हीचा संसर्ग, मधुमेह, तंबाखू आणि मद्य यांमुळे हा धोका वाढतो. गाठीचा मध्यभाग मऊ होऊन विरघळतो, फुप्फुसात पोकळी पडते आणि कोंडलेल्या जिवाणूंना श्वासनलिकेची वाट मोकळी होते. फुप्फुसाची ही हानी बव्हंशी शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून होत असते. खोकला सुरू होतो, आणि त्याच खोकल्याबरोबर जिवाणू नव्या घराच्या शोधात बाहेर पडतो.

अन्नाचा आणि या पहाऱ्याचा संबंध किती घनिष्ठ आहे, हे झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून दिसले. क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना पूरक धान्य व पोषक द्रव्ये दिल्यावर त्यांच्यामध्ये नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाले.

बीसीजीची लस १९२१ पासून वापरात आहे. लहान मुलांना होणाऱ्या मेंदूच्या आवरणाच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून ती संरक्षण देते. परंतु तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या विशाल चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून तिने संरक्षण दिल्याचे आढळले नाही. त्यामुळे रोग वेळीच ओळखणे आणि पूर्ण औषधोपचार करणे यांवरच आपली मुख्य भिस्त आहे.

पाठगत प्रश्न २

चूक की बरोबर ते लिहा.
१. क्षयाचा संसर्ग झालेल्या प्रत्येक व्यक्तीला क्षयरोग होतोच.
२. क्षयाचा जिवाणू महाभक्षी पेशीच्या आत जगू शकतो.
३. क्षयाचा जिवाणू ई-कोलायपेक्षा जलद वाढतो.

(उ) औषध सहा महिने का?

साध्या क्षयावरील औषधे सहा महिने घ्यावी लागतात. भारतातील प्रचलित पद्धतीत पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे रोज दिली जातात. औषधे सुरू केल्यावर काही आठवड्यांतच ताप जातो, भूक लागते, वजन वाढू लागते. ‘आता मी बरा झालो; मजुरी बुडवून दवाखान्यात कशाला जायचे?’ असा विचार रुग्णाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु धोक्याचा क्षण नेमका हाच असतो.

पहिल्या आठवड्यांत मरतात ते भराभर वाढणारे जिवाणू. पेशींच्या आत आणि गाठींत संथपणे जगणारे जिवाणू मागे राहतात. औषध प्रामुख्याने वाढत्या जिवाणूवर घाव घालते. जो जवळजवळ निद्रिस्त आहे, त्याच्यावर ते हळूहळूच परिणाम करते. लक्षणे गेली याचा अर्थ शत्रू गेला असा नसून, तो पुन्हा आपल्या लपण्याच्या जागी गेला, एवढाच असतो.

एकाऐवजी अनेक औषधे देण्यामागेही असेच कारण आहे. लाखो जिवाणूंमध्ये एखादा यदृच्छेने एका औषधाला दाद न देणारा निपजतो. एकच औषध दिले, तर बाकीचे मरतात व हा एकटा वाढत जातो. अनेक औषधे एकत्र दिली, तर एकापासून वाचलेला दुसऱ्याच्या माऱ्यात सापडतो. अर्धवट वा अनियमित उपचार केल्यास मात्र औषधाला दाद न देणारे जिवाणू शिल्लक राहून वाढतात. असा औषधप्रतिरोधी क्षय बरा करणे अधिक कठीण असते, आणि तो त्याच रूपात घरातील मुलाबाळांनाही होऊ शकतो. म्हणून शेवटच्या महिन्यातील गोळीचे मोल पहिल्या गोळीइतकेच आहे.

(ऊ) रुग्णाला दूर लोटू नका

क्षय म्हटला की आजही कित्येक घरांत रुग्णाचे ताट वेगळे होते, सून माहेरी धाडली जाते, आजार शेजाऱ्यांपासून लपवला जातो. लपवलेल्या आजाराला उपचार उशिरा मिळतात, आणि तोवर जिवाणू पसरत राहतो. वास्तविक हा रोग ताट-वाटीतून नव्हे, तर हवेतून पसरतो.

या संदर्भात १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेला अभ्यास जगभर मार्गदर्शक ठरला. दाटीवाटीच्या वस्तीत राहणाऱ्या काही रुग्णांना घरीच औषधे देण्यात आली, तर काहींना आरोग्यधामात ठेवण्यात आले. आरोग्यधामात विश्रांती आणि सकस आहार होता. घरी दोहोंची वाण होती. तरीही घरी औषध घेणारे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले, आणि त्यांच्या कुटुंबीयांना अधिक लागण झाल्याचे आढळले नाही. योग्य उपचार सुरू झाले की रुग्णापासून असलेला धोका झपाट्याने कमी होतो.

आपल्या देशात क्षयाची तपासणी व औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. २०२० पासून हा कार्यक्रम ‘राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम’ या नावाने चालतो. रुग्णाला सकस आहार घेता यावा म्हणून २०१८ मध्ये दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य सुरू झाले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये करण्यात आले. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहणे, सायंकाळी बारीक ताप येणे, वजन घटणे, रात्री घाम येणे वा थुंकीतून रक्त पडणे यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी. स्वस्थपणे लपून राहणे हे या जिवाणूचे बळ आहे. वेळेवर तपासणी, नियमित औषध आणि घरच्यांची साथ यांपुढे ते टिकत नाही.

आपण काय शिकलो?

• भक्षक पेशी व प्रतिद्रव्ये मिळून शरीराचे रक्षण करतात.
• जिवाणू आवरण, प्रतिद्रव्ये निष्प्रभ करणारी प्रथिने व पृष्ठभागातील बदल यांच्या साहाय्याने टिकाव धरतात.
• क्षयाचा जिवाणू महाभक्षी पेशीच्या आतच राहतो व संथपणे वाढतो.
• लक्षणे नाहीशी झाली तरी औषधोपचार पूर्ण करणे अत्यावश्यक असते.

शब्दार्थ

हुलकावणी देणे – चकवून निसटणे
लयकारिका – पेशीतील पाचक रसांची सूक्ष्म पिशवी
यदृच्छेने – योगायोगाने
समेट – तडजोड
बव्हंशी – बहुतांशी
भिस्त – भरवसा
वाण असणे – उणीव असणे

भाषाभ्यास

१. ‘पहारेकरी’, ‘शत्रू’, ‘समेट’ हे शब्द या पाठात रूपक म्हणून आले आहेत. प्रत्येक शब्द कोणत्या शास्त्रीय गोष्टीसाठी वापरला आहे, ते लिहा.
२. ‘रोगप्रतिकार’, ‘औषधोपचार’, ‘वेषांतर’ या सामासिक शब्दांचा विग्रह करा.
३. ‘दाद न देणे’ व ‘तग धरणे’ या वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

पाठान्त प्रश्न

१. मेचनिकॉफ यांचा प्रयोग तुमच्या शब्दांत वर्णन करा.
२. ‘जिवाणूला मन नाही, त्यामुळे हेतूही नाही.’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
३. क्षयाचा संसर्ग आणि क्षयरोग यांतील फरक लिहा.
४. दोन महिन्यांनी बरे वाटू लागल्यामुळे औषध सोडू पाहणाऱ्या मित्राला समजावणारे पत्र लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. लयकारिका २. शर्करे ३. प्रथिन
प्रश्न २ : १. चूक २. बरोबर ३. चूक